नर्सिंग कॉलेजच्या पहिल्या पानावरची मूल्यं वॉर्डात कुठे सापडतात?

देवगड तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, बीएस्सी नर्सिंगची सीईटी दिली. तीन कॉलेजांची माहितीपत्रकं घरात आहेत. तिन्हींत पहिल्याच पानावर ‘तत्त्वज्ञान, ध्येय आणि मूल्ये’ छापलंय आणि वाक्यं जवळपास तीच. याला काही अर्थ आहे की नुसती शोभा? मूल्यं कॉलेजात शिकवता येतात का? कॉलेज बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं? आणि मुलीला रक्त बघून गरगरतं, तर तिला हे जमेल का?

दादा, वाक्यं सारखी आहेत त्यात कॉलेजांची लबाडी नाही. सगळ्यांची विहीर एकच. १९४७ च्या कायद्याने स्थापन झालेली इंडियन नर्सिंग कौन्सिल अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच आपलं तत्त्वज्ञान लिहून देते, कॉलेजं ते उतरवून घेतात. बीएस्सीचा सध्याचा अभ्यासक्रम २०२१ चा, चार वर्षांत आठ सत्रांचा. आपल्याकडे तो नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठामार्फत चालतो. (२०२३ मध्ये नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा झालाय, त्यामुळे पुढे कौन्सिलच्या जागी आयोगाचं नाव दिसलं तर गोंधळू नका.) त्या तत्त्वज्ञानाचा मथितार्थ असा की आरोग्य हा सगळ्यांचा हक्क आहे, ते राखण्याची जबाबदारी व्यक्तीची, कुटुंबाची आणि समाजाचीही आहे, नर्सचं काम माणसाला आजारासकट आणि त्याच्या परिस्थितीसकट बघण्याचं आहे, आणि शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांपुढे स्वतःच्या वागण्याने उदाहरण ठेवावं. त्यापुढे दहा क्षमतांची यादी येते: रुग्णकेंद्री शुश्रूषा, सुरक्षितता, संवाद, एकत्र काम, पुराव्यावर आधारलेलं काम वगैरे. या यादीचा साचा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातून घेतलेला आहे.

कागदाबद्दल माझी तक्रार नाही, कागद चांगला आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात सरकारी आणि खासगी दोन्हीकडे ट्यूटर म्हणून काम करताना मला त्यातली एकच ओळ खरी कसोटीची वाटत आली, ती शिकवणाऱ्याच्या उदाहरणाची. कारण मूल्यांचा तास घेऊन मूल्यं येत नाहीत. ‘सहानुभूती’ या विषयावर दहा मार्कांचं उत्तर सुंदर लिहिणारी मुलगी त्याच दुपारी म्हाताऱ्याच्या अंगावरची चादर सगळ्या वॉर्डासमोर ओढताना मी पाहिली आहे. तिला वाईट मुलगी म्हणता येणार नाही. तिला चादर ओढायची रीत कुणी शेजारी उभं राहून दाखवलीच नव्हती.

नर्सिंगमध्ये मूल्यं प्रोसिजरच्या पायऱ्यांत दडवलेली असतात. प्रोसिजरची वही उघडा. बॅक केअर असो, कॅथेटर असो, ड्रेसिंग असो, पहिल्या दोन-तीन पायऱ्या त्याच: पेशंटला सांगा, पडदा लावा, हात धुवा. परीक्षेत त्यांना अर्धा-अर्धा मार्क असतो, म्हणून मुली पाठ करतात आणि प्रत्यक्षात गाळतात. पण ‘रुग्णाची प्रतिष्ठा’ म्हणून जे छापलंय ते म्हणजे तो पडदा. वॉर्डात पडदा फाटका असेल, गजावरच्या कड्या तुटल्या असतील, तर चांगली ट्यूटर दोन मुलींना चादर धरून उभं करते आणि मगच हात लावू देते. आपल्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरांतल्या बायका असोत की आमच्या मराठा-भंडारी घरांतल्या आज्या, लाज सगळ्यांना सारखीच. काही जणी बोलून दाखवतात, काही जणी डोळे मिटून भिंतीकडे तोंड करतात. ते भिंतीकडे वळलेलं तोंड ओळखायला शिकणं हा अभ्यासक्रम आहे, पण तो छापता येत नाही.

सचोटीचंही तसंच. सगळ्या पत्रकांत ‘प्रामाणिकपणा’ असतोच. तो कुठे शिकतात सांगू? श्वास मोजताना.

पहिल्या वर्षाच्या मुलींना वॉर्डात सोडलं की काम मिळतं टीपीआरचं: ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतं. नाडी मोजायला आवडते, बोटाखाली काहीतरी लागतं. श्वास मोजायचा मात्र कंटाळा. ‘तुमचा श्वास मोजते हां’ म्हटलं की पेशंटचा श्वास बदलतो, म्हणून नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरून उचलायची नाहीत. नजर हळूच छातीकडे न्यायची आणि सेकंदकाटा एक पूर्ण फेरी मारेपर्यंत मोजायचं. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. भरलेल्या वॉर्डात यात अर्धा-पाऊण तास सहज जातो, आणि तेवढा वेळ नुसतं बघत उभी राहिलेली मुलगी इन्चार्ज सिस्टरला रिकामटेकडी वाटते. मग काय होतं? श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, १८, २०, २०. वॉर्डभर माणसं एका तालात श्वास घेत नसतात हे चार्ट बघणाऱ्या प्रत्येकाला कळतं, आणि कुणी काही बोलत नाही.

आपल्या भागात त्या रकान्याला फार किंमत आहे. लावणीच्या दिवसांत चिखलात काम करून ताप घेऊन आलेला माणूस लेप्टोचा (चिखल-पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा) असला आणि रोग फुप्फुसात उतरायला लागला, तर श्वासाचा आकडा लवकर वर सरकू लागतो. माणूस त्या वेळी अजून बोलत असतो, चहा मागत असतो. मण्यार चावलेला पहाटे ‘पोटात दुखतंय’ म्हणून येतो, दाताची खूण सापडत नाही, थोड्या वेळाने पापण्या जड होतात आणि श्वास उथळ होत जातो. तिथे कुणी सवयीने २० ठोकून दिलं, तर पुढचे दोन तास सगळे निर्धास्त. लेप्टोतच लघवीचं माप घ्या. मूत्रपिंडं थकली की लघवी कमी होते, ते बाटलीत मोजून दर तासाला लिहायचं काम विद्यार्थिनीकडे असतं. ‘साधारण दोनशे’ असं लिहिणाऱ्या मुलीला मी पुन्हा बाटलीकडे पाठवते, बाटली रिकामी केली असेल तर ‘मोजली नाही’ असं लिहायला लावते. चार्टवर ‘मोजली नाही’ लिहायला धैर्य लागतं. ते एकदा जमलं की पुढचं सोपं जातं.

रत्नागिरीच्या बाजूला फुरसं हा विषारी साप चावलेले पेशंट नवे नाहीत. फुरसं रक्ताची गोठण्याची शक्ती मारतं, ते तपासायला मोठं यंत्र लागत नाही: शिरेतलं दोन मिलिलिटर रक्त कोऱ्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, नळी उभी ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, साबणाने धुतलेली चालत नाही, उत्सुकतेने मध्येच हलवली तर चाचणी बिघडली. या वीस मिनिटांत बाहेर नातेवाईक ओरडत असतात, ‘सिस्टर, कायतरी करा’. हात न लावता उभं राहणं, आणि त्याच वेळी बाहेर जाऊन शांत आवाजात ‘आम्ही कशाची वाट बघतोय’ हे समजावणं, दोन्ही त्या मुलीने शिकायचं असतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशात हृदयावर होणाऱ्या परिणामांची लक्षणं १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली, तीही रायगडातल्या साध्या आरोग्य केंद्रात पेशंटजवळ बसून केलेल्या निरीक्षणांतून. हे मी मुलींना मुद्दाम सांगते, कारण ‘इथे काय शिकायला मिळणार, मुंबईला जाऊया’ हे वाक्य मला दर वर्षी ऐकावं लागतं.

आता तत्त्वज्ञानाचा भाग. इथे थोडा इतिहास सांगते, कारण तुमची मुलगी ज्या दिव्याच्या समारंभात शपथ घेईल त्याच्याशी याचा संबंध आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सिंगची शाळा सुरू केली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांच्या नावाने घेतली जाणारी शपथ मात्र त्यांची नाही. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. तिच्यात डॉक्टरांना निष्ठेने साहाय्य करण्याचं वचन होतं. १९५३ मध्ये आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने पहिली नीतिसंहिता केली, तिच्यातही डॉक्टरांच्या सूचना समजून आणि निष्ठेने पाळण्याचं कलम होतं. १९७३ च्या संहितेत ते राहिलं नाही. त्याऐवजी आलं की नर्सची पहिली जबाबदारी ज्यांना शुश्रूषेची गरज आहे त्या लोकांशी आहे. नर्सिंग शिक्षणाच्या सगळ्या तत्त्वज्ञानात मला हा बदल सर्वांत मोठा वाटतो. बाकीची बरीचशी वाक्यं त्याच्या आसपासची सजावट आहे म्हटलं तरी चालेल.

याचा अर्थ डॉक्टरांशी भांडायचं असा नव्हे. पोटॅशियम क्लोराइडचं, म्हणजे वॉर्डातल्या भाषेत केसीएलचं, उदाहरण घ्या. हे औषध सलाईनमध्ये मिसळून सावकाश द्यायचं असतं. अँप्यूल फोडून सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. आता रात्रीचे दोन वाजलेत, डॉक्टरांनी फोनवर घाईत काही सांगितलं, सिस्टरने विद्यार्थिनीला सांगितलं, आणि तिच्या कानावर आलं ते ‘केसीएल देऊन टाक’. ‘आज्ञा पाळा’ या तत्त्वज्ञानात वाढलेली मुलगी देऊन टाकेल. दुसऱ्या तत्त्वज्ञानात वाढलेली मुलगी थांबेल, पण थांबायला तिच्या तोंडात वाक्य तयार असायला हवं. तेवढं वाक्य आम्ही वर्गात बसवून घेतो, नाटकाच्या तालमीसारखं: ‘सर, किती सलाईनमध्ये घालून किती वेळात द्यायचं, केसपेपरवर लिहून द्याल का?’ यात उद्धटपणा नाही, आरोप नाही, आणि ज्याच्या सांगण्यात खरंच चूक आहे तो लिहिता लिहिता थांबतो. मोठ्याने बोलायला लाजणाऱ्या, घरी वडीलधाऱ्यांपुढे मान खाली घालणाऱ्या मुलींकडून ही तालीम पुन्हा पुन्हा करून घ्यावी लागते. ‘सर’ म्हणतानाच आवाज बसतो त्यांचा.

गुप्ततेचं मूल्य कोकणात जेवढं कठीण आहे तेवढं मुंबईत नाही. मुंबईत पेशंट अनोळखी. इथे वॉर्डातल्या प्रत्येक खाटेवरचं माणूस कुणाचं ना कुणाचं मामेकुळी निघतं. संध्याकाळी वसतिगृहात आईचा फोन येतो, ‘अगो, वरच्या वाडीतली ती थंय ॲडमिट हा म्हणतत, काय झाला गो तिका?’ आई वाईट हेतूने विचारत नाही, काळजीने विचारते. आणि मुलीला वाटतं, आईला सांगायला काय हरकत. सकाळी ते एसटी स्टँडवर पोचलेलं असतं. विवाहित नसलेल्या मुलीचा गर्भपात असेल, टीबी असेल, एचआयव्ही असेल, तर त्या एका फोनने एखाद्याचं गावातलं जगणं कायमचं बदलतं. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्याने माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय. पण कायद्याच्या आधी मुलीला आईला ‘माका सांगूक जमाचा नाय’ म्हणता यायला हवं. आम्ही पोटात ठेवायला शिकवतो असं म्हणते मी. आजकाल यात मोबाईल आलाय. पहिल्यांदा बाळंतपण बघितल्याच्या आनंदात बाळाचा फोटो स्टेटसला. ज्या कॉलेजात यावर नुसता दंड आहे तिथे मुली स्टेटस लपवायला शिकतात; ज्या ट्यूटरने मुलीला त्या बाळाच्या आईसमोर नेऊन ‘विचार हिला, चाललं असतं का’ म्हटलं, तिच्या बॅचमध्ये पुन्हा कुणी फोटो टाकला नाही.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगला आपल्याकडच्या बऱ्याच मुली रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात जातात. आधीच्या रात्री रडारड असते. तिथे एक फार चांगली पद्धत आहे, प्रोसेस रेकॉर्डिंग. पेशंटशी झालेलं बोलणं शब्दशः लिहायचं: तो काय म्हणाला, मी काय म्हणाले, त्या वेळी मला काय वाटलं. एका पानावर हमखास हे येतं: पेशंट विचारतो, ‘मला घरी न्यायला कधी येणार?’ आणि मुलीने लिहिलेलं असतं, ‘मी म्हणाले, लवकरच येतील.’ त्याखाली मी लाल रेघ ओढते. तुला माहीत होतं का लवकर येतील? नाही. मग सांगितलंस का? ‘त्याला बरं वाटावं म्हणून, मॅडम.’ बरं कुणाला वाटलं, त्याला की तुला? इथून जो अर्धा तास बोलणं होतं तो माझ्या मते चार वर्षांतला सगळ्यात महत्त्वाचा तास. पेशंटला खोटा धीर देणं आपल्या समाजात चांगुलपणा समजतात, म्हणून ही सवय मोडायला वेळ लागतो. ‘मला माहीत नाही, पण तुम्हाला घरची आठवण येतेय ना? सांगा मला’ असं म्हणून खुर्ची ओढून बसणं अवघड आहे.

गावात पाठवतो तेव्हा तर मुलींची खरी परीक्षा. गावपोस्टिंगला घरभेट असते, हातात ती ठरावीक बॅग. बॅग खाली ठेवायच्या आधी वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, आधी हात धुवायचे, मग बॅग उघडायची. पण त्याही आधी खळ्यात उभं राहून ‘येऊ का?’ विचारायचं आणि बोलावल्यावरच ओटीवर बसायचं. पाणी-गूळ पुढे आला तर नाकं मुरडायची नाहीत. मी आल्या आल्या चुलीकडे बघून भाषण सुरू करणाऱ्या मुली पाहिल्यात: धूर होतो, पाणी झाकत नाही, भात कमी करा. मधुमेहाच्या आजोबांना ‘भात बंद, चपाती खा’ सांगून मोकळ्या होतात. ज्या घरात सकाळी पेज, दुपारी भात-आमटी आणि घरचं भात हेच वर्षाचं धान्य, तिथे गहू विकत आणायचा सल्ला कागदावरच राहतो. किती भात, त्याबरोबर किती डाळ, भाजी, मासा, आणि पेजेबरोबर काय, असं त्यांच्याच ताटातून सुरुवात केली तर आजोबा ऐकतात. लेप्टोसाठी शेतात उतरणाऱ्यांना गमबूट घाला सांगणं सोपं आहे. गुडघाभर चिखलात गमबूट रुतून बसतो हे ज्या मुलीच्या घरी लावणी होते तिला माहीत असतं. ती मग पायावरच्या जखमा झाकायला सांगते, ताप आला की दोन दिवस थांबू नका म्हणते, आणि लेप्टो टाळण्यासाठीची डॉक्सिसायक्लिनची गोळी कुणाला, कधी, याची आरोग्य सेविकेकडे चौकशी करून येते. दोडामार्गच्या बाजूला २०१६ पासून गोचिडीमुळे होणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडतात, तिथे जंगलात जाणाऱ्या माणसांना गोचिडीबद्दल सांगतानाही हाच नियम: आधी त्यांचा दिवस कसा जातो ते विचारा.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्याकडची. मुलगे मुंबईत, आजी एकटी गावात, शेजारी घेऊन आलेत. संमतीच्या कागदावर सही कुणाची? सगळे म्हणतात मुलगा येऊ दे, गाडी चिपळूणपर्यंत आलीय. आजी शुद्धीवर आहे, तिला सगळं कळतंय, आणि तिला कुणी विचारतच नाही. विद्यार्थिनीने त्या खाटेशी वाकून ‘आजी, तुमका काय वाटता?’ विचारलं की मला तो दिवस सार्थकी लागल्यासारखा वाटतो. सही घ्यायचं काम डॉक्टरांचं आहे, पण सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाचा निर्णय त्याचाच, हे आठवण करून द्यायचं काम नर्सचं आहे.

प्रसूतिकक्षाबद्दल थोडक्यात. तिथे कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडायची जुनी वाईट रीत आहे. सरकारने २०१७ मध्ये ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणला, त्यात सन्मानपूर्वक वागणूक आणि सोबतीला माणूस या गोष्टी आल्या. तुमची मुलगी कुठल्या हॉस्पिटलात शिकतेय यावर ती ओरडायला शिकेल की पाठीवरून हात फिरवायला, हे ठरेल. तिथे भाषण चालत नाही, पाहिलेलं तेच उतरतं.

यातूनच तुमच्या मधल्या प्रश्नाचं उत्तर येतं, मूल्यं शिकवता येतात का. येतात, पण विद्यार्थिनीला माणसासारखं वागवलं तरच. चुकीचं औषध तोंडापर्यंत नेलं आणि वेळीच लक्षात आलं, असं मुलीने स्वतःहून येऊन सांगितलं, तर काय होतं? सगळ्यांसमोर पाणउतारा, पालकांना फोन, इंटर्नलचे मार्क कापले, असं होत असेल तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही, आणि बॅचमधल्या बाकीच्या मुलीही सांगणार नाहीत. ट्यूटरने तिला बसवून ‘कुठे घसरलं? पेशंटचं नाव विचारलं होतंस का? गोळीचं पाकीट दोनदा वाचलंस का?’ असं उलगडलं, इन्चार्जना कळवलं, पेशंटवर लक्ष ठेवलं, तर सुरक्षितता शिकवली गेली. शिस्त हवी, मी मऊ बाई नाही. उशिरा येणाऱ्या मुलीला मी दारात उभं केलं आहे. पण भीतीने आलेली शिस्त ट्यूटर पाठमोरी होताच संपते, आणि रात्रपाळीत ट्यूटर नसते.

सेवाभावाबद्दलही दोन शब्द बोलते, कारण पत्रकांत तो ठळक असतो आणि पगाराच्या वेळी नेमका तोच पुढे केला जातो. या कामाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढल्यावर बायकांना ससूनमध्ये नर्सिंगचं शिक्षण मिळवून दिलं, तेव्हा त्यात स्वतःच्या पायावर उभं राहणं हा हेतूही होता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला महिना २०,००० रुपयांपेक्षा कमी देऊ नये. आपल्या भागात प्रत्यक्षात काय मिळतं ते तुम्ही पास झालेल्या मुलींनाच विचारा. मुलींना स्वतःची किंमत मागायला न शिकवणारं कॉलेज मला अर्धवट वाटतं.

आता बघायला कधी आणि कुठे जायचं. इमारत बघू नका. कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ-नऊला, कॉलेजात नव्हे, मुली जिथे पोस्टिंगला जातात त्या हॉस्पिटलात जा. वॉर्डात मुलींबरोबर ट्यूटर उभी आहे का, की मुलींना सोडून ती हजेरी घेऊन परत गेली? खाटांवर पेशंट आहेत का? एका विद्यार्थिनीला तीन पेशंट असं प्रमाण नियमात आहे. पेशंटच नसतील तर प्रमाण कागदावर कितीही छान असो, मुली लॉगबुक एकमेकींच्या बघून भरतात. आणि उलट टोकही बघा, स्टाफ कमी म्हणून मुलींना सकाळपासून स्ट्रेचर ढकलायला आणि रिपोर्ट आणायला लावतात का. प्रॅक्टिकलची हजेरी पदवी मिळण्यापूर्वी शंभर टक्के भरावी लागते, थिअरीला ऐंशी टक्के चालतात. नियम करणाऱ्यांना कुठलं शिकणं जास्त महत्त्वाचं वाटलं ते यात दिसतं. कॉलेज मात्र शंभर टक्के कशी भरवतं ते विचारा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या एखाद्या मुलीशी, शक्य तर तुमची मुलगी एकटीच, बोलू दे. ‘कॉलेज कसं आहे’ विचारलं तर ‘छान’ म्हणेल. ‘शेवटची चूक कुणाला सांगितलीस?’ हे विचारायला लावा. ‘नाइटवरून वसतिगृहात कशी येतेस?’ हेही. पहिल्या प्रश्नाला ती दचकली नाही, हसून काहीतरी सांगितलं, तर माझ्या लेखी ते कॉलेज अर्धं पास. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात का, पास झाल्यावर त्यांच्याच हॉस्पिटलात काम करण्याचा बाँड लिहून घेतात का, हे ऑफिसात स्पष्ट विचारा आणि टाळाटाळ झाली तर दुसरं कॉलेज बघा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का, तेही. तुमच्या मुलाला घालायचं असतं तरी मी हेच सांगितलं असतं. वॉर्डात आता ब्रदर पुष्कळ आहेत आणि पुरुष वॉर्डात त्यांची फार गरज आहे.

रक्ताचं म्हणाल, तर पहिल्या ड्रेसिंगला किंवा पहिल्यांदा ऑपरेशन थिएटरमध्ये गरगरणाऱ्या मुली दर बॅचला असतात, आणि त्यातल्या काही पुढे उत्तम थिएटर सिस्टर झाल्यात. उपाशीपोटी जायचं नाही, गुडघे ताठ आवळून उभं राहायचं नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली की ‘मॅडम, मी खाली बसते’ म्हणून तिथेच जमिनीवर बसायचं, टेबलाकडे झुकायचं नाही. बहुतेकींचं थोड्या आठवड्यांत जातं. नाहीच गेलं तर सार्वजनिक आरोग्य, मानसिक आरोग्य अशा बाजू आहेत जिथे रक्ताशी रोज गाठ पडत नाही. फक्त तिला एकदा विचारा की ती तुमच्या सांगण्यावरून जातेय की तिला जायचंय.